बेकिंगमधून विज्ञान : पाककृती संपते कुठे, प्रयोग सुरू होतो कुठे?

उन्हाळी शिबिरांत आणि शाळांच्या विज्ञान सप्ताहांत स्वयंपाकघर हल्ली हमखास हजेरी लावतं. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी फसफसतो, मुलं टाळ्या वाजवतात. मफिनचं मिश्रण ढवळलं जातं, फुगून येतं, खाल्लं जातं आणि खेळता खेळता रसायनशास्त्र शिकवल्याचं समाधान घेऊन सगळे घरी जातात. या उत्साहामागे एक खरी जाण आहे. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र एकाच परातीत एकत्र यावेत अशी दुसरी जागा घरात नाही. पण मफिन खाऊन घरी गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाला नेमकं काय कळलं, हे विचारायला हवं. कारण या प्रश्नाशी थेट संबंध असलेलं बरंच संशोधन आज हाताशी आहे आणि ते या उत्साहाला सरसकट दुजोरा देत नाही. ते नीट वाचलं तर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. पदार्थ करण्यातून मूल पदार्थ करायला शिकतं. विज्ञान शिकायचं तर त्याला एकाच पदार्थाची दोन रूपं, त्यांत एकच फरक ठेवून, शेजारी शेजारी पाहावी लागतात. आणि असं पाहणं मुलाला आपसूक येत नाही, ते मोठ्या माणसाने शिकवावं लागतं.

हा विचार जुना आहे. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा काढली, तेव्हा सुतारकाम आणि विणकामाच्या बरोबरीने स्वयंपाकालाही अभ्यासक्रमात मानाचं स्थान दिलं. ‘द स्कूल अँड सोसायटी’ या १८९९ मधल्या पुस्तकात त्यांनी तिथल्या एका पाठाचं वर्णन केलं आहे. मुलं अंडी शिजवायला शिकत होती. पण अंडं उकडण्याआधी त्यांनी वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्या बलकावर काय परिणाम होतो ते तपासलं. पाणी कोमट, गरम आणि उकळतं कधी म्हणायचं तेही स्वतः ठरवलं. त्या लांबणाऱ्या खटाटोपाला कंटाळून एका मुलाने सुचवलं की पुस्तकातली कृती घेऊ आणि मोकळे होऊ. त्यावर शिक्षिकेने मुलांना विचारलं की ती कृती मुळात आली कुठून? बेकिंगमधून विज्ञान शिकवण्याचा सगळा प्रश्न त्या एका विचारण्यात सामावला आहे. मात्र ड्यूईंच्या शाळेला पुरावा म्हणून मर्यादाच आहेत. मुलं थोडी, शिक्षक निवडक, विद्यापीठाचा आधार पाठीशी. असं शिकवणं शक्य आहे एवढं त्या शाळेने दाखवलं. सर्वसाधारण वर्गात त्याचा उपयोग किती, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

आपल्याकडेही हाताने काम करत शिकण्याची परंपरा भक्कम आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून नयी तालीमची मांडणी झाली, सेवाग्रामला ती प्रत्यक्षात उतरली, आणि स्वयंपाक, सफाई, शेती ही कामं शिक्षणाचा भाग झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा दुकानातून आणलेल्या साधनांची जागा बिया, शिंपले, पानं आणि माती यांनी घेतली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने सरकारी शाळांतल्या सहावी ते आठवीच्या वर्गांत प्रयोगाधारित शिक्षण नेऊन दाखवलं. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य शासनाने तो बंद केला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकं तयार केली, तीही याच वाटेवरची. बायोकेमिस्ट कमला सोहोनी यांच्यासारख्या शास्त्रज्ञ बाईंनी अन्नातली भेसळ साध्या साधनांनी ओळखण्याचं ज्ञान ग्राहकांपर्यंत पोचवलं. एवढं सगळं असूनही स्वयंपाकघर हे मुलांच्या विज्ञानाचं ठिकाण म्हणून आपल्याकडे फारसं पुढे आलं नाही. चूल ही श्रमाची जागा मानली गेली आणि ती बाईच्या वाट्याची, हे त्याचं मोठं कारण असावं. त्याकडे पुढे येतो.

आधी मुलाच्या डोक्यात काय असतं ते पाहू. ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९४१ मध्ये मुलांच्या परिमाणविषयक कल्पनांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात मातीचा गोळा चपटा केला की मुलांना माती वाढली किंवा घटली असं वाटतं, साखर विरघळली की ती नाहीशी झाली असं वाटतं, हे तर आहेच. शिवाय मक्याचा दाणा तापून फुलतो तेव्हा मुलं काय म्हणतात, याचाही अभ्यास आहे. लहान मुलांच्या दृष्टीने दाणा मोठा झाला म्हणजे त्यातला माल वाढला, तो जड झाला. हेच प्रश्न आपल्या घरात रोज समोर येतात. कणकेचा गोळा आणि लाटलेली पोळी यांत पीठ सारखंच का? ज्वारीची लाही जड की दाणा जड? पाव फुगला तेव्हा पीठ वाढलं का? रोझलिंड ड्रायव्हर यांनी १९८३ मधल्या पुस्तकात पुढचा मुद्दा मांडला. अशा कल्पना फळ्यावर योग्य उत्तर लिहिल्याने पुसल्या जात नाहीत. मूल परीक्षेपुरतं शिक्षकाचं उत्तर देतं आणि मनात आपलंच धरून ठेवतं. फुगलेल्या पावाला ‘वायूमुळे फुगला’ असं म्हणणारं मूल वायूला वजन नसतं असंही मानत असू शकतं, आणि या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात सुखाने नांदतात.

मग मुलांना मोकळं सोडलं तर ती स्वतः शोधतील का? इथे दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. लॉरा शुल्झ आणि एलिझाबेथ बोनाविट्झ यांनी २००७ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांना दोन दांड्यांची खेळण्याची पेटी दिली. कोणत्या दांडीने काय होतं ते आधी स्पष्ट दिसलं असेल, तर मुलं ती पेटी सोडून नव्या खेळण्याकडे वळली. दोन्ही दांड्या एकाच वेळी दाबून दाखवल्या, म्हणजे कारण गुलदस्त्यात राहिलं, तर मुलं त्याच पेटीशी जास्त वेळ खेळत राहिली. संदिग्धता चार वर्षांच्या मुलालाही जाणवते आणि तिचा छडा लावावासा वाटतो. बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दुसरी बाजू दाखवली. मोठ्यांनी मुद्दाम शिकवण्याच्या आविर्भावात खेळण्याची एकच करामत दाखवली, तर मुलं तेवढीच करत बसतात आणि बाकीच्या करामती त्यांना सापडतच नाहीत. शिकवल्याने शोध आकसतो, असा याचा अर्थ काढता येतो.

पण डेव्हिड क्लार यांचं काम समोर ठेवलं की तो अर्थ अपुरा वाटू लागतो. झे चेन आणि क्लार यांनी १९९९ मध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलांना स्प्रिंगा, उतार आणि पाण्यात बुडणाऱ्या वस्तू देऊन तपासलं की ही मुलं एका वेळी एकच गोष्ट बदलून तुलना करू शकतात का. स्वतःच्या प्रयत्नांतून हे थोड्याच मुलांना साधलं. ‘इथे दोन गोष्टी बदलल्यास तर कशामुळे झालं हे कळेल का?’ असं उलगडून शिकवल्यावर आणि सोबत प्रश्न विचारल्यावर मात्र ते पुष्कळांना जमू लागलं. त्यांतल्या मोठ्या मुलांनी तर सात महिन्यांनी वेगळ्याच प्रश्नावर ते वापरून दाखवलं. क्लार आणि मिलेना निगम यांच्या २००४ च्या अभ्यासात तिसरी-चौथीची मुलं होती. थेट शिकवलेल्यांपैकी ७७ टक्के मुलं असे निर्दोष प्रयोग आखू लागली. स्वतः शोधायला सोडलेल्यांपैकी फक्त २३ टक्के. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये याच धर्तीवर सर्व प्रकारच्या मुक्त शोधाधारित शिक्षणावर कडक टीका केली. ती टीका मला जरा ताणलेली वाटते. क्लारने थेट शिकवली ती तुलना कशी करायची याची रीत होती, स्प्रिंगांबद्दलची उत्तरं नव्हेत. बोनाविट्झच्या प्रयोगात थेट सांगितलं होतं ते उत्तर. हा भेद धरला की दोन्ही निष्कर्षांत भांडण उरत नाही. रीत शिकवावी, उत्तर राखून ठेवावं.

आणखी एक अभ्यास प्रत्येक शिबिर भरवणाऱ्याने वाचावा असा आहे. इयन अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांतले प्रयोगांचे २५ तास बसून पाहिले आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रयोगाच्या तासाला मुलं वस्तू नीट हाताळतात, सांगितलेली कृती बिनचूक करतात; पण त्या कृतीमागचा विचार वापरताना क्वचितच दिसतात. शिक्षकांचा वेळही कृती पार पाडण्यातच जातो. ही मोठी मुलं होती, प्रयोगशाळेत होती. मग ओव्हनच्या वासाने वेडावलेल्या सहा वर्षांच्या मुलांबद्दल वेगळं काय सांगावं? बेकिंगच्या तासाचा धोका इथेच आहे. पदार्थ चांगला झाला की तास यशस्वी झाल्यासारखा वाटतो. ज्वालामुखीचीही तीच गत. तो एकदाच फसफसतो, त्याच्या शेजारी तुलनेला दुसरा नसतो, आणि सोडा अर्धा घेतला असता तर काय झालं असतं हे कुणी विचारत नाही.

विचारलं तर काय होतं, हे एका साध्या पाठातून दिसतं. सरळ काठाचे चार काचेचे पेले घ्यावेत. प्रत्येकात अर्धी वाटी मैदा आणि सारखंच पाणी घालून सैलसर भिजवावं. पहिल्यात यीस्ट घालायचं नाही. दुसऱ्यात पाव चमचा यीस्ट. तिसऱ्यात तेवढंच यीस्ट आणि अर्धा चमचा साखर. चौथ्यात यीस्ट, पण आधी उकळत्या पाण्यात घालून, ते पाणी निवल्यावर. पेल्यांना बाहेरून रबरबँड लावून पिठाची पातळी खुणावायची आणि पेले उबदार कोपऱ्यात ठेवायचे. ठेवण्याआधी प्रत्येक मुलाने कोणता पेला वर येईल ते कागदावर चित्र काढून नोंदवायचं. दर पंधरा मिनिटांनी नवी खूण. पहिला आणि चौथा जागच्या जागी राहतात. यीस्ट साठ अंशांच्या आसपास मरून जातं. तिसरा सहसा लवकर वर सरकतो. मजा आहे ती दुसऱ्याची. ‘यीस्टला साखर लागते’ असं मोठ्यांनी सांगितलेलं असतं, म्हणून बहुतेकांचा अंदाज असतो की दुसरा फुगणार नाही. तो फुगतो. मैद्यातली विकरं पिठातल्या स्टार्चची थोडी थोडी साखर करत असतात आणि यीस्टचं तेवढ्यावर भागतं. लहान मुलाला एवढंच पुरे, की पिठातच थोडी साखर तयार होते. पण त्याच्या हाती आलेली खरी गोष्ट याहून मोठी आहे. मोठ्यांचं वाक्य पेल्याला विचारून तपासता येतं, हे त्याने स्वतः पाहिलं. मग मुलंच म्हणतात, चार चमचे साखर घालू, अजून उंच जाईल. घालू द्यावी. जास्त साखर पाणी ओढून धरते आणि यीस्ट मंदावतं. तो पेला मागे पडतो.

या पाठात बेकिंगचे खास फायदे एकत्र दिसतात. बदल हळू होतो, म्हणून मोजता येतो. परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून त्यावर बोलता येतं. साहित्य स्वस्त, म्हणून पुन्हा करता येतं. डिसेंबरच्या पुण्यात आणि मे महिन्याच्या मुंबईत त्याच पिठाला लागणारा वेळ इतका वेगळा असतो, की तापमानाचा पाठ हवामानच देऊन जातं. पेला झाकून आधी आणि नंतर काट्यावर ठेवला तर पीठ दुपटीने वर येऊनही वजन तेवढंच भरतं. पियाजेच्या मक्याच्या दाण्याचा प्रश्न असा थेट मुलाच्या हातात येतो.

सूक्ष्मजीव नकोत, वाट पाहायला वेळ नाही, तर हळद आहे. ढोकळ्याच्या पिठात सोडा नीट मिसळला नाही की पिवळ्या ढोकळ्यावर लाल ठिपके उठतात, हे कित्येक घरांना माहीत आहे. हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीत तांबडं होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पाच बशांत हळदीचं पाणी घेऊन एकेकात लिंबू, ताक, मीठ, साखर आणि सोडा घालायचा. एकच बशी लाल होते. तिच्यात लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. आता केककडे वळावं. दोन वाट्यांत सारखंच मिश्रण, दोन्हींत चिमूटभर हळद आणि सारखाच सोडा. एकात दही, दुसऱ्यात त्याऐवजी दूध. भाजून आल्यावर बिनदह्याचा केक तांबूस दिसतो आणि त्याला साबणासारखी चव येते, कारण सोडा तापून उरलेला क्षार मारायला आंबट काही नव्हतं. कृतीत दही का लिहिलेलं असतं, याचं उत्तर मुलाला जिभेने आणि डोळ्यांनी मिळतं. ड्यूईंच्या शिक्षिकेने विचारलं होतं, कृती आली कुठून. ती अशीच कुठूनतरी आलेली असते.

पिठाचंही तसंच. कणकेचा गोळा अर्धा तास मुरू देऊन वाडग्यातल्या पाण्यात दाबत धुतला की पाणी दुधाळ होतं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. हे ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याचे बेकारी यांनी गव्हाच्या पिठातून ते असंच धुऊन वेगळं केलं, १७२८ मध्ये सांगितलं आणि १७४५ मध्ये छापलं. म्हणजे मूल जे करतं ते खरोखरच्या संशोधनाची पुनरावृत्ती आहे. हा लगदा गरम ओव्हनमध्ये ठेवला तर पोकळ फुगा होऊन येतो. ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच धुतला तर हातात काहीच उरत नाही. म्हणून ज्वारीचा पाव गव्हासारखा फुगत नाही आणि भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. अर्धवट शिजलेला स्टार्च ते बांधून धरतो. भाकरी फुगून पापुद्रा सुटतो तो वाफेमुळे. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पट वाढतं. फुलक्याला मुद्दाम छिद्र पाडून आणि न पाडता असे दोन फुलके मोठ्यांनी भाजून दाखवले, तर तिसरीतल्या मुलालाही आत कोण कोंडलं आहे ते कळतं.

आता आक्षेपांकडे. सर्वांत गंभीर आक्षेप असा की बेकिंगमध्ये कारणं गुंतलेली असतात. साखर गोडी देते, रंग देते, ओलावा धरते, यीस्टला खाऊ घालते. एक बदललं की चार गोष्टी बदलतात. मग एका फरकाची तुलना शुद्ध कशी राहणार? आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच पूर्ण केकवर प्रयोग करू नयेत असं मला वाटतं. पेल्यातलं पीठ, बशीतली हळद, धुतलेली कणीक हे केकचे सुटे भाग आहेत. आधी सुटे भाग, मग केक, आणि केकमध्येही जो परिणाम उघड दिसतो तेवढाच बदल. निकोलस कुर्ती यांचं १९६९ मधलं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधलं स्वयंपाकाच्या विज्ञानावरचं गाजलेलं व्याख्यान, हार्वर्डमध्ये २०१० पासून चालणारा पाकविज्ञानाचा अभ्यासक्रम, मराठीतलं वर्षा जोशी यांचं ‘स्वयंपाकघरातील विज्ञान’ हे सगळं मोठ्यांसाठी फार मोलाचं आहे. ते उत्तर म्हणून मुलांच्या पानात वाढलं की घात होतो. सहा वर्षांच्या मुलाला रेणू सांगू नयेत. त्याला ‘काहीतरी वायू आहे’ इथवर आणावं आणि बाटलीच्या तोंडाला लावलेला फुगा भरताना दाखवावा.

दुसरा आक्षेप सोयींचा : किती घरांत, किती शाळांत ओव्हन आहे? बेकिंग ही शहरी, सुखवस्तू हौस नाही का? जड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, वर भांडं ठेवून, घट्ट झाकण लावून केक करणं मराठी घरांना नवं नाही. गोव्यात पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी गावात असते. पोई आणि उंडे तिथे रोज भाजले जातात, आणि पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. ज्यांच्याकडे भट्टीही नाही त्यांच्याकडे तवा आणि वाफेचं भांडं आहे. फरक मात्र लपवू नये. ढोकळा कितीही उकडला तरी खरपूस होत नाही, कारण वाफ शंभर अंशांशी थांबते आणि तांबूस रंग आणणारी, फ्रान्सच्या मेयार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली प्रक्रिया त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला जोर धरते. कापलेल्या पावात बाहेरचा कवचाचा भाग तपकिरी आणि आतला पांढरा असतो, त्याचंही कारण हेच. ओला गर शंभरच्या वर तापत नाही. ओव्हन नाही ही अडचण असा एक चांगला पाठ देऊन जाते.

सुरक्षिततेबद्दल तडजोड नको. विस्तव, गरम तवा, उकळतं पाणी ही कामं मोठ्यांची. मोजणं, मिसळणं, अंदाज नोंदवणं आणि वेळ पाहणं मुलांचं. विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची कामं नेमकी मुलांच्याच वाट्याला येतात. कच्चं पीठ चाटू देऊ नये. अमेरिकेत २०१६ मध्ये कच्च्या मैद्यातून ई-कोलायची लागण झाली होती. कच्च्या अंड्याचंही तसंच. गव्हाची, दुधाची किंवा शेंगदाण्याची बाधा असणारं मूल वर्गात असू शकतं. ते आधी विचारून घ्यावं. अन्न वाया जाण्याची खंत मात्र योग्य आहे. प्रयोगाला अर्धी वाटी पीठ पुरतं आणि फसलेली नानकटाई खाता येते. त्यापेक्षा मोठं प्रमाण घेऊ नये.

राहिला सामाजिक प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाही. स्वयंपाकघरातून विज्ञान म्हणजे मुलींना पुन्हा स्वयंपाकघरात ढकलणं, अशी भीती व्यक्त होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे वडील दाखवले गेले, तेव्हा त्याची बातमी झाली. म्हणजे ते चित्र अजून नवं होतं. यीस्टचे पेले मुलगे-मुली दोघांनीही हाताळले, वजन आणि वेळ दोघांनीही लिहिली, तर स्वयंपाक हे विचाराचं काम आहे हे दोघांच्याही ध्यानात येतं. मला तर उलटी भीती वाटते : स्वयंपाकघर विज्ञानातून वगळलं, तर पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी साठवलेलं निरीक्षण, पीठ किती आंबलं, मोहन किती घालायचं, तवा कधी तापला, हे विज्ञान नाहीच असं आपण मुलांना शिकवतो. कोणाच्या हातचं कोण खातं हा प्रश्नही आपल्या वर्गांत जिवंत आहे, आणि शाळेच्या आहारातल्या अंड्यावर महाराष्ट्रात वाद झडले आहेत. बिनअंड्याचे प्रयोग निवडले तर दुसरा प्रश्न सुटतो. पहिला प्रश्न मात्र एका परातीत सगळ्यांनी मिळून पीठ भिजवूनच हाताळावा लागेल, आणि शिक्षकाने त्यासाठी तयार असावं.

अभ्यासक्रमात वेळ कुठे आहे, असं विचारलं जातं. २०२० चं शैक्षणिक धोरण आणि तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा, दोन्ही खेळ आणि कृतींवर भर देतात, त्यामुळे कागदावर जागा आहे. प्रत्यक्षातही एक तयार स्वयंपाकघर हजारो शाळांच्या आवारात चालू आहे. पोषण आहारात प्राथमिक वर्गातल्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्याचं प्रमाण ठरलेलं आहे. ते तांदूळ मोजले जातात, शिजतात आणि त्यांचं वजन दुपटीहून जास्त होतं. फुगलेल्या मैद्याचं वजन वाढत नाही, फुललेल्या भाताचं वाढतं. का, हा प्रश्न तिसरीच्या मुलांना आठवडाभर पुरेल, आणि शिजवण्यापूर्वी किती पाणी घातलं याची नोंद ठेवली तर ती स्वतः उत्तरापर्यंत पोचतील. तराजू त्यासाठी लागतो, आणि तो अनेक शाळांत आहेच. अध्यापक विद्यालयांतून यायला हवं ते प्रशिक्षण : एका वेळी एकच गोष्ट कशी बदलायची, अंदाज आधी का लिहून घ्यायचा, आणि अंदाज चुकल्यावर उत्तर सांगण्याआधी मुलांना आपसात किती वेळ बोलू द्यायचं.